पहिली पन्नास पानं, आणि हाताशी दुसरा भाग

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडण्यात काही राम नसतो. शाळेला सुट्टी, क्लास सकाळीच उरकलेला, पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतोय आणि तेरा-चौदा वर्षांचं पोर छातीवर मोबाइल ठेवून आडवं. वर्षभर पुस्तकाचं नाव न काढणाऱ्या घरांनासुद्धा या दिवसांत वाचनाची आठवण येते. मग वाचनालयाच्या काउंटरवर, नाहीतर दुकानात विचारणा होते, "आठवीतला आहे, एखादं चांगलं पुस्तक सांगा की."

आठवीतला आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पुस्तक किती थोर आहे यावरूनही नाही. फँटसी सुचवताना बघायचं एकच: हे पोर पहिल्या पन्नास पानांत किती अनोळखी गोष्टी झेलेल? तो अंदाज बरोबर आला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे पहिला भाग संपायच्या आत दुसरा घरात असणं. बहुतेक घरांत गाडी अडते ती या दोनपैकी एका ठिकाणी, आणि खापर मात्र मोबाइलवर फुटतं.

विचारायचं ते पोरालाच. पण "तुला काय आवडतं रे?" म्हटलं की शेजारी उभी असलेली आई उत्तर देते, "त्याला सायन्स आवडतं." पोर फरशीकडे बघत राहतं. म्हणून आवडीचा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि "शेवटपर्यंत बघितलेली सीरिज कुठली? पूर्ण संपवलेला गेम कुठला?" असं विचारावं. आवडी बऱ्याचदा समोरच्याला बरं वाटावं म्हणून सांगितल्या जातात. संपवलेल्या गोष्टीबद्दल पोरं खोटं बोलत नाहीत, उलट तिथे त्यांची गाडी सुसाट सुटते. दोन-दोनशे भागांची जपानी कार्टून मालिका बघून काढलेल्या पोराला लांबीची भीती नसते. त्याला गट, गुरू, सराव, हळूहळू वाढणारी ताकद हे सगळं ओळखीचं असतं, त्यामुळे जादूच्या शाळेत घडणारी सात भागांची मालिका त्याला सहज पेलते. नकाशावर फिरत कामगिऱ्या पार पाडण्याचे गेम खेळणाऱ्याला प्रवासाची गोष्ट द्यावी. रील आणि विनोदापलीकडे काहीच न टिकणाऱ्याला रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन. २००५ साली आलेल्या 'द लाइटनिंग थीफ'मध्ये निवेदक स्वतः बारा वर्षांचा, वाचनात कच्चा, शाळेतून काढून टाकला जाणारा पोरगा आहे आणि पहिल्याच प्रकरणात त्याची गणिताची बाई राक्षसीण निघते. यापेक्षा भरवशाची सुरुवात मिळणं कठीण.

आता थोडं गणित. इंग्रजी पेपरबॅकच्या एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड, अशा आठवीच्या पोराला एका पानाला दोन मिनिटं धरायला हरकत नाही. रोज वीस मिनिटं म्हणजे दहा पानं. या हिशेबाने हॅरी पॉटरचा पहिला भाग, मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानं, तीन आठवड्यांच्या थोडा पुढे जातो. पाचवा भाग ७६६ पानांचा, म्हणजे अकरा आठवडे. पोरं चौथ्या-पाचव्या भागात गळतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. सुट्टी संपलेली असते आणि पुस्तक तिप्पट झालेलं असतं. तिथे रोजची वीस मिनिटं चाळीस करायची, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायचं. "एवढं वाचलंस, आता सोडतोस कशाला" हे टुमणं लावलं की उरलेलं पुस्तक अभ्यासात जमा होतं.

भाषेचा अंदाज घ्यायला पाच बोटांची जुनी चाचणी अजून चालते. मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक सध्या नको. फँटसीसाठी या चाचणीत एक दुरुस्ती लागते. मंत्र, गावं, प्राणी, तलवारींची नावं मोजायची नाहीत. पुस्तक लिहायच्या आधी ती लेखकालाही ठाऊक नव्हती. हे आधी सांगितलं नाही तर हुशार, कष्टाळू पोरं तीच नावं शब्दकोशात शोधत बसतात, सापडली नाहीत की आपलंच इंग्रजी कच्चं समजतात आणि पुस्तक मिटतात.

बनवलेल्या नावांची मोजणी मात्र वेगळी करावी, सुचवणाऱ्याने स्वतः. पहिल्या दहा पानांत आठ नवी नावं असतील तर नवखं पोर तरून जातं. पंधराच्या पुढे गेलं की कुणीतरी शेजारी बसायला हवं. टॉल्किनच्या 'द हॉबिट'चं पहिलं प्रकरणच बघा. १९३७चं पुस्तक, खास मुलांसाठी लिहिलेलं, एकोणीस प्रकरणांचं, सगळे डोळे झाकून सुचवतात असं. आणि त्यात बिल्बोच्या दारावर एकामागून एक तेरा बुटके येऊन उभे राहतात. ड्वालिन, बालिन, किली, फिली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन, बिफर, बोफर, बोंबर आणि शेवटी थोरिन. पोराला वाटतं हे सगळं पाठ करायचंय. शाळेची सवय, दुसरं काय! देतानाच सांगून टाकावं: थोरिन म्हणजे म्होरक्या, बालिन म्हणजे म्हातारा समजूतदार, बोंबर म्हणजे जाडा; बाकीचे दहा घोळका म्हणून धरले तरी गोष्ट कुठे अडत नाही. एवढ्या एका वाक्यावर 'हॉबिट' तरतं. तरीही नाहीच सरकलं, तर सरळ पाचवं प्रकरण उघडून मोठ्याने वाचावं. अंधाऱ्या गुहेत गोलम आणि बिल्बो एकमेकांना कोडी घालतात, हरला तर बिल्बोला तो खाणार. कोडी ऐकली की पोरं स्वतः उत्तरं शोधायला लागतात आणि मग पहिल्या प्रकरणाकडे आपणहून परत येतात.

त्याच लेखकाचं मोठं त्रिखंड, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आलेलं आहे. ते हातात देताना सुरुवातीची प्रस्तावना उघडपणे वगळायला सांगावी. हॉबिट लोकांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू, असलं बरंच त्यात आहे, आणि ते पुस्तक आवडल्यानंतरच वाचण्याजोगं आहे. गाणीही पहिल्या वाचनात वगळली तरी चालतात. पहिल्या खंडाच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीला एलरॉन्डच्या सभेचं लांबलचक प्रकरण येतं, तिथे बरेच जण हात टेकतात. "एवढी सभा पार कर, पुढे नुसती धावपळ आहे" हे आधीच सांगितलेलं बरं.

अनोळखीपणा कमी-जास्त असण्याचं कारण पुस्तकाच्या घडणीत असतं. काही गोष्टींत आपल्यासारखंच पोर एका दारातून दुसऱ्या जगात जातं. त्यालाही तिथलं काही माहीत नसतं, ते प्रश्न विचारतं, आपल्याला आयती उत्तरं मिळतात. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेतलं कपाट हे त्याचं ठळक उदाहरण. काही गोष्टींत जादू आपल्याच जगात लपलेली असते. पॉटर आणि पर्सी दोघंही तिथले. आणि काही पुस्तकं पहिल्या ओळीपासून परक्या जगात असतात, समजावून सांगायला कुणी नाही. अर्सुला ले ग्विनचं १९६८चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या तिसऱ्या जातीचं. पानं दोनशेच्या आसपास, म्हणून पालक ते अकरा वर्षांच्या पोरासाठी उचलतात. संवाद कमी, वाक्यं घट्ट, नायक आपल्याच हातून सुटलेल्या सावलीपासून पळतोय. पंधराव्या वर्षी हे पुस्तक अंगावर येतं. अकराव्या वर्षी नुसतं कंटाळवाणं वाटतं आणि पुढे कायमचं राहून जातं. जाडी बघून वय ठरवू नये ते यासाठी.

सोलापूरच्या पोराला अद्भुताचं वावडं असायचं कारण नाही. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं, त्यांच्याशीच लग्न करीन म्हणणारी कुंभारकन्या, योगदंडाशी लागलेलं तिचं लग्न आणि दर संक्रांतीला सात नंदीध्वजांसह संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता, हे सगळं ते गड्ड्याच्या यात्रेत खांद्यावर बसल्यापासून बघत आलेलं असतं. अडचण येते ती तीनशे पानांची आणि परक्या वस्तूंची. खंदक, बुरूज, तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, या गोष्टी वाचून डोळ्यांपुढे येत नसतील तर भुईकोट किल्ल्यात संध्याकाळी एक चक्कर मारावी. एका अंगाला तलाव, बाकीकडे खंदक. वेढा घालणाऱ्या सैन्याला आत शिरणं का जड जातं ते दहा मिनिटांत कळतं. त्यानंतर वाचलेली लढाई वेगळी दिसते.

चार भाषांचं गाव असण्याचा फायदा इथे फारसा कुणी घेत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांमधल्या आजी-आजोबांना तेलुगू 'चंदामामा' माहीत असतो. १९४७ साली तो तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, पुढे कन्नडमध्ये आला, मराठीत 'चांदोबा' झाला. तो काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनीच 'पाताळभैरवी' हा १९५१चा मांत्रिकाचा सिनेमा केला. ज्या घरात आजोबा हे सगळं रंगवून सांगू शकतात, तिथे फँटसीची ओळख इंग्रजी पुस्तकाने करून द्यायची गरजच नसते. आधी आजोबा, मग पुस्तक. दखनी-उर्दू बोलणाऱ्या घरांत अमीर हमजाची दास्तान असते, तिच्यात जादूगार आणि तिलिस्म, म्हणजे जादूने भारलेल्या जागा, यांचा नुसता पाऊस आहे. आणि या सगळ्या पोरांना सलमान रश्दींचं १९९०चं 'हरून अँड द सी ऑफ स्टोरीज' लंडनमधल्या पोरापेक्षा जास्त कळतं. त्यात गुप आणि चुप अशी दोन राज्यं आहेत, एका राजकन्येचं नाव बातचीत आणि खलनायक खतम-शुद. परदेशी वाचकाला हे विनोद शेवटच्या टिपांवरून समजून घ्यावे लागतात. इथे पोरं पहिल्याच फटक्यात हसतात. बारा प्रकरणं, दोनशेच्या आसपास पानं, एका भागात गोष्ट संपते. रोशनी चोक्शीची आरू शाह (पहिला भाग २०१८) याच कारणाने सोपी जाते. पांडव मुलींच्या रूपात पुन्हा जन्मलेत ही गंमत कळायला महाभारत माहीत असावं लागतं, आणि ते असतंच.

मराठीत मात्र या वयाला मोठी फट आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अकरा-बारापर्यंत पुरतो. त्यानंतर पोराला थेट जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर सोडलं जातं. मधे टाकायला नाथमाधवांची 'वीरधवल' आहे: राजपुत्र, मांत्रिक, भुयारं, सगळा ऐवज भरलेला. भाषा शंभर वर्षं जुनी आणि वाक्यं लांब, त्यामुळे पहिली दोन प्रकरणं कुणीतरी वाचून दाखवायला लागतात. नंतर कथानकच ओढून नेतं. नारायण धारपांच्या समर्थकथा पंधरानंतर द्याव्यात, तेही रात्री एकट्याने झोपणाऱ्याला विचारपूर्वक.

मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी फँटसीत उतरवायची एक वाट अशी: पहिला भाग मराठीत, म्हणजे 'हॅरी पॉटर आणि परीस', आणि दुसरा इंग्रजीत. शाळा, वर्ग, खेळाचे नियम, माणसांचे स्वभाव आधीच ठाऊक असल्याने दुसऱ्या भागात फक्त भाषेशी झुंजावं लागतं. गोम नावांत आहे. देवनागरीत ओळखीची झालेली हर्मायनी इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखूच येत नाही, पोराला ते कुणी नवीनच पात्र वाटतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर वीसेक नावं दोन्ही लिप्यांत लिहून तोच पुठ्ठा खूण म्हणून पुस्तकात ठेवला की हा घोळ मिटतो. इंग्रजीतच वाचणारेही या नावाला अडखळतात म्हणा. चौथ्या भागात तर ती स्वतः एका पाहुण्या खेळाडूला आपलं नाव कसं उच्चारायचं ते शिकवते.

विकत घेणार असाल तर प्रत नीट बघून घ्या. लोकप्रिय मालिकांच्या नकली प्रती सगळीकडे मिळतात, आणि फँटसीत त्यांचा त्रास इतर पुस्तकांपेक्षा जास्त होतो. सगळ्यात आधी नकाशाचं पान उघडावं. नकली प्रत मूळ पुस्तक स्कॅन करून छापलेली असते, त्यामुळे बारीक अक्षरातली गावं काळे डाग होतात. काही प्रतींत नकाशा गायबच असतो. मग कडेने पानांचे आकडे झरझर बघत जायचं. छपाई बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत होते, त्यामुळे चूक झाली की एक-दोन पानं जात नाहीत, अख्खा फर्मा जातो. बत्तिसाव्या पानानंतर एकदम एकोणपन्नासावं येतं, नाहीतर तोच फर्मा दोनदा बांधलेला असतो. गुन्हेगारी कादंबरीत सोळा पानं गेली तर वाचक अंदाजाने जोडून घेतो. इथे त्या सोळा पानांत जादूचा नियम सांगितलेला असतो, आणि पुढचं सगळं निरर्थक होतं. पोराला वाटतं आपल्यालाच समजलं नाही. कण्यावरची अक्षरं एका बाजूला सरकलेली, कागद पलीकडचं दिसेल इतका पातळ, डिंक असा की पुस्तक पूर्ण उघडलं की कणा तडकतो, ही बाकीची लक्षणं. त्यापेक्षा अस्सल जुनी प्रत कधीही चांगली.

वाढदिवसाला सात भागांचा चकचकीत संच देणं ही प्रेमळ चूक आहे. पहिल्याच्या चाळिसाव्या पानावर गाडी अडली तर उरलेले सहा कपाटातून वर्षभर टोमणे मारत बसतात. आधी एकच घ्यावा. पण पहिल्याची शेवटची पन्नास पानं उरली की दुसरा घरात आलेला असावा, कारण भूक असते ती संपल्या संपल्या आठ दिवस. वाचनालयात हीच अडचण होते: पहिल्या भागाच्या तीन प्रती, तिसरा भाग कुणीतरी नेलेला, दुसरा कधीच हरवलेला. पहिला घेतानाच दुसरा आणि तिसरा कपाटात आहे का ते बघावं, नसेल तर आपलं नाव लावून ठेवावं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जाणाऱ्यांनी पोराला सोबत न्यावं आणि हे त्यालाच विचारू द्यावं.

क्रमांचीही गंमत असते. नार्नियाच्या हल्लीच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक दिलेला दिसतो, कारण त्यातला काळ सर्वांत आधीचा. प्रत्यक्षात ते १९५५ साली, सातांपैकी सहावं म्हणून आलं. कपाटाचं पुस्तक, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्ड्रोब', १९५०चं. आधी कपाट, हे माझं ठाम मत आहे. कपाट कुठून आलं हे आधीच कळलं तर कपाटातून आत शिरणाऱ्या ल्यूसीबरोबर बर्फात पाऊल टाकण्यात काय उरलं?

वयाबाबत मुखपृष्ठावर विसंबू नये. फुलं, मुकुट, ड्रॅगन अशा सुंदर कव्हरांच्या बऱ्याच प्रेमकथा-फँटसी सरळ मोठ्यांसाठी असतात. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ साली किशोर विभागात आली आणि २०२० मध्ये नव्या कव्हरासह मोठ्यांच्या विभागात गेली. जुन्या प्रती अजून पहिल्याच कपाटात सापडतात. मारामारी आणि मृत्यू यांची पालकांना वाटते तेवढी धास्ती नको, पोरं ते पचवतात. शंका असली तर मधली आणि शेवटाकडची दोन प्रकरणं आपण आधी वाचून काढावीत. पहिलं प्रकरण नेहमीच सोज्वळ असतं.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न येतोच. त्याला उत्तर देत बसू नये. पुस्तक संपल्यावर त्यावर निबंध लिहायला लावणं हे त्याहून वाईट. फार तर "तो सावलीवाला पकडला का शेवटी?" एवढं विचारावं आणि पोर बोलायला लागलं की ऐकावं.

पन्नास पानांनंतरही मन लागत नसेल तर पुस्तक परत. पेन्सिलने पान क्रमांक आणि तारीख एका वहीत टिपून ठेवावी, वर्षाने पुन्हा समोर करावं. नवव्या इयत्तेतून दहावीत जाणाऱ्यांना दिवाळीनंतर नवी मालिका सुरू करून देऊ नये. तेव्हा एकटी, आटोपशीर पुस्तकं बरी, किंवा जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'सारख्या कथा. एका बैठकीत एक कथा संपते.

आणि मग दोन-तीन वर्षांनी तक्रार उलटी होते, "हा फँटसी सोडून दुसरं काही वाचतच नाही." तेव्हा सोळा-सतराच्या पोरासमोर जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' ठेवावं. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन्ही दीर्घकथा कुठल्याशा दूरच्या काळात घडतात, त्यामुळे फँटसी वाचणाऱ्याला त्या जगात शिरायला अडचण येत नाही. मराठी मात्र कडक आहे आणि वाक्यागणिक प्रतिमा आहेत. 'इस्किलार'ची पहिली चार पानं दोघांनी मिळून मोठ्याने वाचावीत, पाचव्यापासून त्याच्यावर सोडावं.